पीसीओडीतला डी

एकलहऱ्याच्या आमच्या कॉलनीत सगळे सावली शोधायचे आणि ऊनकाकू ऊन. पापड-कुरडया नुसतं निमित्त. त्यांना गच्चीवर बसायचंच असायचं. स्कार्फ, गॉगल, हातमोजे असा जामानिमा करून एखादी मुलगी स्कूटीवरून निघाली की वरून हाक यायची, "काय गं, आज कुणाकडे दरोडा?" काकू मूळच्या नामपूरच्या. एरवी आमच्यासारखंच बोलायच्या, पण अगदी मनातलं काही असलं की 'आहे'चं 'शे' आणि 'माझी'चं 'मनी' व्हायचं.

मला पीसीओडी निघाला तेव्हा आईने घरात त्या शब्दावर जणू बंदीच घातली. पाळी महिनोन् महिने रुसलेली, हनुवटीवर केस. हे बाहेर कळलं तर हिचं लग्न कसं जमणार, ही तिची धास्ती. मला मूल होईल की नाही, या विचाराने मी उशीत तोंड खुपसून रडायचे. त्यात रिपोर्टात ड जीवनसत्त्वही कमी निघालं. "बऱ्याच जणींमध्ये दोन्ही एकदम दिसतं," असं म्हणून डॉक्टरांनी दर रविवारी दुधातून घ्यायची पुडी लिहून दिली.

न राहवून एकदा मी गच्चीवर जाऊन काकूंना सगळं सांगितलं. काकू म्हणाल्या, "पीसीओडी? म्हणजे डीच कमी ना? मग काढ तो स्कार्फ आणि बस इथं!"

"अहो काकू, तो डी डिसीजचा, आजाराचा! जीवनसत्त्वाचा डी वेगळा!"

"एबीसीडीत डी कितीदा येतो गं?"

कपाळ! मी स्कार्फ काढून बसले. ऊन खात, मटार सोलत, हसत. घरात कुणी माझ्याशी त्या विषयावर हसलंच नव्हतं.

पुढे मला बघायला पाहुणे आले. काकू कुरडयांचं ताट घेऊन आल्या आणि भर बैठकीत म्हणाल्या, "पोरीला पीसीओडी आहे बरं का, पण आता डी भरून येतोय!" पाहुण्यांनी चहा कसाबसा संपवला आणि "फोन करतो" म्हणून जे गेले ते गेलेच. आईने काकूंशी बोलणं टाकलं. मीही तणतणत गच्चीवर गेले. काकू एवढंच म्हणाल्या, "लपवून दिलेल्या पोरीचं काय होतं, ते मला विचार."

मी विचारलं नाही. काका रिटायर झाले, नामपूरला निघायचा टेम्पो दारात लागला, तेव्हा काकूंनीच मला बाजूला घेतलं. माझ्या हनुवटीवरून हात फिरवला, मग स्वतःच्या.

"मनी पाळीबी अशीच रुसायची. पोर झालं नाही. सासरी वांझ म्हणूनच हाक मारायचे. ते बी पीसीओडीच शे ना गं?"

मी काही डॉक्टर नाही. तरी त्यांचा हात हातात धरला. म्हटलं, "हो काकू. तेच."

काकूंचा चेहरा कसा उजळला म्हणून सांगू! टेम्पोत चढता चढता त्या काकांना मोठ्याने म्हणाल्या, "ऐकलं का? मी वांझ नव्हते. मला आजार होता."