ब्रेकच्या वायरची काबोसी

रात्सिंबाच्या हातात जादू आहे, हे आंत्सिराबे शहरातला कुठलाही रिक्षावाला सांगायचा. थांब्यालगतच्या त्याच्या टपरीत सायकली दुरुस्त व्हायच्या आणि उरल्यासुरल्या सामानातून काबोसी, म्हणजे चौकोनी पोटाच्या छोट्या गिटारी, घडायच्या. साबणाच्या खोक्याच्या फळ्यांचं पोट, मोडक्या पलंगाच्या पट्टीची दांडी, स्पोकच्या तुकड्यांचे पडदे. तारा मात्र ब्रेकच्या वायरीच्याच. पीळ सोडवला की आतून बारीक पोलादी तारा निघतात, त्या.

त्या हिवाळ्यात, तिथल्या रिवाजाप्रमाणे, त्याच्या मेलेल्या बापाला थडग्यातून काढून नवं रेशीम पांघरवायचं होतं. वाजंत्री येणारच होती, पण "बापासमोर पहिला सूर माझ्या काबोसीचा," असं तो वर्षभर सांगत सुटला होता. काबोसी तयार झाली, पण जुन्या गंजक्या वायरीच्या तारा खुंटी पिळताच ताडकन तुटायच्या. आणि दिवस उरले होते चार.

तेवढ्यात रालाय आला. सायकलरिक्षा चालवणारा, शेजारचाच. कोरी वायर पुढे धरून म्हणाला, "दादा, ही ब्रेकला टाक. जुनीचे दोन पदर तुटलेत. उद्या फिदी येईल रिक्षा न्यायला." फिदी म्हणजे रालायचा मेव्हणा, बहिणीच्याच घरी राहणारा.

रात्सिंबानं कोरी वायर हातात घेतली, बोटांवरून फिरवली. तुटलेले पदर त्यानं जुन्या वायरीत पिळून बसवले, तेल दिलं, ब्रेक ताणून बांधला. लागत होता. 'आठवड्याभरात दुसरी आणून टाकू,' असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि कोऱ्या वायरीचा पीळ सोडवायला बसला.

तिसऱ्या दिवशी बटाट्याची पोती घेऊन उतार उतरताना ती जुनी वायर तुटली. रालाय रिक्षासकट मोरीच्या कठड्यावर आदळला. गुडघ्याचा चुरा झाला.

दुसऱ्या दिवशी रात्सिंबाच्या बापाला बाहेर काढलं. काबोसी अशी वाजली की म्हाताऱ्यासुद्धा पदर खोचून नाचल्या. बापाला खांद्यावर घेऊन रात्सिंबाही नाचला. रेशमात मूठभर हाडं, वजन ते किती! पण त्याचे पाय उचलेनात. लोक म्हणाले, बापाच्या आठवणीनं गहिवरलाय.

आठवड्यानं तो रालायला भेटायला गेला. कबूल करायचंच, असं ठरवून गेला होता. पण रालायची बायको वोलोलोना दारातच डोळे पुसत उभी.

"फिदीला हाकललं ह्यांनी," ती म्हणाली. "म्हणतात, कोरी वायर त्यानंच काढून विकली. त्या दिवशी रिक्षा आणायला तोच आला होता ना! विटा पाडायला गेलाय, बेताफोच्या वाटेवर."

आतून रालाय ओरडला, "चोर तो! आमचंच खाऊन माझा पाय घेतला! दादा, तूच सांग, तू वायर घातली होतीस ना?"

रात्सिंबाच्या तोंडून निघून गेलं, "घातली होती."

पुढे दोन महिने त्याला भाताचा घास गोड लागला नाही. मोरीवरून जायचं टाळून तो लांबच्या वाटेनं घरी जायचा. काबोसी ऐकायला लोक यायचे, तर तो बोटं दुखतात म्हणायचा.

शेवटी एका सकाळी काबोसी बगलेत मारून तो रालायच्या अंगणात गेला. रालाय उन्हात पाय पसरून बसला होता.

"तुझी वायर ह्यात आहे," रात्सिंबा म्हणाला. "जुनीच परत बसवली मी. फिदीनं काही केलं नाही." आणि त्यानं काबोसी गुडघ्यावर आपटायला उचलली.

"ठेव खाली!" रालाय गरजला. "ती मोडून माझा गुडघा जुळणार आहे का? मी त्या पोराच्या कानफटात मारली, दादा. त्याच्या बहिणीसमोर. ती कशी परत घेऊ?" मग त्यानं दाराकडे बोट केलं. "जा. त्याच्यासमोर सांग. मग थांब्यावर सगळ्यांसमोर सांग. माझ्याशी बोलायला येऊ नकोस."

विटांच्या खड्ड्यात फिदी घोट्यापर्यंत चिखलात उभा होता. सगळं ऐकून घेतलं, हात धुतले.

"मी तुम्हाला मामा म्हणायचो," एवढंच म्हणाला.

"शिव्या दे रे."

"शिव्या देऊन काय होतंय? चला, थांब्यावर काय सांगता ते ऐकायचंय मला."

रात्सिंबानं सांगितलं. दुपारी, सगळ्यांसमोर, मान वर न करता. कुणी हसलं नाही, कुणी थुंकलं नाही. एक जण फक्त म्हणाला, "बापासाठी केलंस होय! बापाला तरी विचारायचंस."

फिदी बहिणीकडे परतला आणि रालायची रिक्षा चालवू लागला. भाओजींच्या ताटाशेजारी मात्र बसला नाही. रात्सिंबाकडे कामं येत राहिली, तसा दुसरा कारागीर होता कुठे? पण सायकल ताब्यात घेताना प्रत्येक जण त्याच्यादेखत ब्रेक दोन-तीनदा दाबून बघायचा. रात्सिंबा हँडल धरून उभा राहायचा आणि म्हणायचा, "अजून एकदा दाब."