बिघडलेल्या कॅसेटचं मेटल

कोल्हापुरात मेटल, म्हणजे कानठळ्या बसवणारं रॉक संगीत, वाजवणाऱ्या माणसाला समाजात जे स्थान असतं, ते मला बेचाळिसाव्या वर्षी मिळालं. म्हणजे शेजाऱ्यांनी आधी विचारलं, घरात ग्राइंडर कसला चाललाय? इलेक्ट्रिक गिटार आहे म्हटल्यावर त्यांना जास्तच वाईट वाटलं. ग्राइंडर निदान काम झालं की बंद होतो.

आमचा बँड दोन माणसांचा. मी एका पतसंस्थेत कारकून. दुसरा माझा शाळेपासूनचा मित्र, त्याचं गाद्यांचं दुकान आहे. घरात तीन पिढ्या कापूस पिंजत आल्या, आणि हा गणपतीत बेंजो पार्टीबरोबर ड्रम वाजवतो. मिरवणुकीत टेम्पोवर बसून सहा-सहा तास बडवायची सवय असल्यामुळे मेटलला लागणारा वेग आणि दम त्याच्याकडे आयताच होता. फक्त थांबायचं कुठं हे त्याला कळत नाही. मिरवणुकीत थांबलं की लोक अंगावर येतात.

रेकॉर्डिंग त्याच्याच दुकानामागच्या खोलीत, दर रविवारी. मोठ्या शहरांतले कलावंत आवाज अडवायला भिंतींना कसकसले फोम चिकटवतात म्हणे. आम्ही चारी बाजूंनी गाद्या उभ्या केल्या. आवाज बराचसा आत राहिला, फक्त कापूसही आत राहिला. तो गिटारच्या तारांत अडकायचा, माइकवर बसायचा, आणि ऐन भरात माझ्या नाकात जायचा. त्यात गिऱ्हाईक. हातकणंगल्याचे एक गृहस्थ पडद्यातून डोकं आत घालून म्हणाले, "पावणं, आमच्या पोरीच्या लग्नाची गादी हितंच ठेवलीया न्हवं? जरा लांब वाजवा की." आमच्या संगीताची ती पहिली जाहीर समीक्षा.

आता आम्ही वाजवत काय होतो? स्वतःचं काही सुचण्याइतकी प्रतिभा दोघांकडेही नव्हती. लहानपणच्या एका व्हिडिओ गेमची चाल होती. त्यात एक माणूस डावीकडून उजवीकडे पळतो आणि तो मरेपर्यंत तीच चाल वाजत राहते. मूळ आवाज डासासारखा किणकिणणारा. तो जाड, खर्जातल्या, खरखरणाऱ्या गिटारवर घ्यायचा आणि खाली दोन्ही पायांनी ड्रम हाणायचा, असा आमचा थोर बेत.

ही चाल निवडण्यामागं कारण होतं, आणि ते सांगताना मला थट्टा सुचत नाही. माझ्या वडिलांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. शाळेच्या मागच्या गल्लीत, तीन टीव्ही, सहा स्टुलं. सगळी गल्ली त्यांना पोरं बिघडवणारा माणूस म्हणायची. मग मी दहावीला गणितात नापास झालो आणि गल्लीला पुरावाच मिळाला. जूनमध्ये निकाल लागला, जुलैत वडिलांनी दुकानाला कुलूप घातलं. पोरासाठी चालता धंदा मोडला, असं आई प्रत्येक लग्नात, बारशात आणि एकदा तर तेराव्यालाही सांगत आली. वडील त्यावर कधी काही बोलले नाहीत. मी पण नाही.

घराचं एक दुकान खाऊन बसलेल्या मुलानं आणखी काय मागायचं? सतराव्या वर्षी गिटार हवी होती, मागितली नाही. पुण्याला जायचं होतं, तो विषय काढलाच नाही. गिटार घेतली ती नोकरी लागून मुरल्यावर. त्यामुळं हे मेटल म्हणजे खरं तर माझी माफी होती. तोंडानं मागायला जमत नव्हतं, म्हणून भरपूर आवाजात.

पाच रविवार लागले. चाल दोघांनाही तोंडपाठ होती. वडिलांच्या दुकानात कोपऱ्यातल्या टीव्हीवर आम्ही दोघांनी ती अख्खं वर्ष ऐकली होती. तिसऱ्या ओळीच्या शेवटी ती क्षणभर पार गप्प होते आणि मग उडी मारून पुढं जाते. ती जागा आम्ही फार कौतुकानं घेतली. दोघंही एकाच वेळी थांबायचो, एकाच वेळी तुटून पडायचो. कधी न थांबणारा माझा मित्र तिथं बरोबर थांबायचा, त्याअर्थी ती जागा त्याच्या रक्तात होती.

मग आम्ही ते इंटरनेटवर टाकलं. जगानं फारशी धावपळ केली नाही. कुठल्यातरी देशातल्या एका सज्जनानं मात्र लिहिलं, वाजवलंय छान, पण तिसऱ्या ओळीनंतर एक ठोका का गिळता?

"त्याला काय कळतंय?" मित्र म्हणाला. "आपुन दिवसभर ऐकलंय की."

मी मूळ चाल शोधून लावली. एकदा, दोनदा, चारदा. थांबा कुठंच नव्हता. आम्ही पाच रविवार कापूस गिळून दुकानातल्या त्या गेमच्या बिघडलेल्या कॅसेटची हुबेहूब नक्कल केली होती. मित्र बराच वेळ उशीच्या अभ्र्यात तोंड खुपसून हसत होता.

त्याच दुपारी मी वडिलांच्या कानांवर हेडफोन चढवले आणि आमचं रेकॉर्डिंग लावलं. वय चौऱ्याहत्तर. आता ते दचकतील, शिवी घालतील, अशी माझी तयारी होती. पण ते गुडघ्यावर हात ठेवून शांत ऐकत बसले. तिसऱ्या ओळीला हसले. संपल्यावर हेडफोन गळ्यात घेतले.

"बरं ध्यानात ऱ्हायलंय तुझ्या," ते म्हणाले. "शेवटच्या वर्षी कॅसेट पडलीती. तवापास्नं तिथं अडकायची."

"मग नवी का नाही आणली?"

"कुणासाठी आणू? तुमी दोघंच तर खेळत हुता."

मला कळायला वेळ लागला. त्या वर्षी मला स्टुलावरून कुणी उठवत नव्हतं, नंबर लावायला लागत नव्हता. मालकाचा मुलगा म्हणून हा मान, अशी माझी समजूत होती.

"बाकीची पोरं?"

"पोरांच्या घरात गेम आल्ती. कोण येतंय दुकानात? धंदा बसलाच हुता. दिवाळीपातूर कसातरी ओढला असता."

"पण आई तर सांगते, माझ्यासाठी बंद केलं."

"धंदा बसला म्हणण्यापेक्षा पोरासाठी बंद केला म्हणाय बरं वाटतंय की. लोकंबी मान द्याय लागली." मग जरा आवाज खाली आणून, "तुझ्या आईला बोलू नगंस."

"आणि मला काय वाटायचं एवढी वर्षं?"

त्यांनी खरोखरच थोडा विचार केला.

"तू तसाबी नापास झालाच हुतास लेका. तुझं आणि काय जाणार हुतं?"

एवढं बोलून त्यांनी हेडफोन परत कानांवर घेतले आणि बोटानंच खूण केली, लाव. मी लावलं. मला त्यांचा भयंकर राग आला होता. काय काय गेलं ते मी सगळं सांगितलं. गिटार, पुणं, लग्नात मान खाली घालून उभं राहणं, एकेक करून, मोठ्या आवाजात, आयुष्यात पहिल्यांदा. ते माझ्याकडं बघून तालावर मान हलवत होते. हेडफोन काढा, असं मी म्हटलं नाही.