पाकिटातलं तिसरं लॉक

पाकीट रिकामं होतं, आणि ते रिकामं असायला नको होतं.

प्लॅस्टिकचं एवढंसं पाकीट. त्यात पिस्टन पिनची तीन लॉक आली होती. लॉक म्हणजे स्प्रिंगच्या तारेची बारीक कडी, एका बाजूला तोंड उघडं. इंजिनात पिस्टन वरखाली होतो, तो एका आडव्या पिनेवर बसवलेला असतो. चालत्या इंजिनात ती पिन बाहेर सरकू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना, पिस्टनमधल्या खाचेत, एकेक लॉक बसवतात. म्हणजे लागतात दोन. आमचे उस्ताद मुद्दाम तीन मागवत, कारण नव्या माणसाच्या हातून एखादं उडतंच. मी दोन बसवली होती. तिसरं पाकिटात असायला हवं होतं.

शनिवारचे दुपारचे बारा वाजलेले. इंजिन पूर्ण बांधून फ्रेममध्ये बसलेलं, टाकी चढलेली, नवं ऑइल भरलेलं. फक्त किक मारायची बाकी होती.

मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होतो, आणि मेकॅनिक म्हणून माझं वय सात महिने. त्याआधी अठरा वर्षं वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्शनला होतो. तयार पार्ट मोजायचा, बरोबर असला तर ओकेचा शिक्का मारायचा. कंपनीने प्लँट दुसऱ्या राज्यात हलवला आणि आम्हाला घरी बसवलं. गारखेड्यात घराजवळच हनीफ उस्तादांचं गॅरेज होतं. जुन्या मोटारसायकलींची इंजिनं बांधण्यात त्यांचा हात धरणारा शहरात कोणी नाही. त्यांनी मला ठेवून घेतलं आणि पहिल्याच दिवशी माझं नाव इन्स्पेक्टरसाब पाडलं.

या गाडीच्या इंजिनाचा खालचा भाग मी उस्तादांच्या नजरेखाली बांधला होता. वरचा भाग, म्हणजे पिस्टन, बॅरल आणि बॅरलवरचं झाकण, हेड, त्यांनी पहिल्यांदाच एकट्यावर सोडला. ज्या नळकांड्यात पिस्टन वरखाली सरकतो ते बॅरल. ते आतून झिजलं की घासून मोठं करतात आणि मोठा पिस्टन टाकतात. पण असं किती वेळा करता येईल याला मर्यादा असते. या बॅरलचा हा शेवटचा साइज होता. आता आत एक चरा पडला असता तरी बॅरल भंगारात, आणि तसलं दुसरं मिळणं जवळजवळ अशक्य.

मी आठवायला लागलो. शुक्रवारी दुपारी दुसरं लॉक बसवताना ते प्लायरमधून सटकलं होतं. टिक असा आवाज आला होता. त्याच वेळी फोन वाजला. गिऱ्हाईक विचारत होतं, गाडी उद्या की परवा? मी म्हणालो, परवा नक्की. फोन ठेवला, पाकिटातलं तिसरं लॉक काढून बसवलं आणि उडालेलं नंतर शोधू म्हणून पुढच्या कामाला लागलो. ते नंतर काही आलं नाही.

पिस्टन बसवताना त्याच्या खाली इंजिनाचं तोंड उघडं असतं. त्या तोंडात आधी कपडा कोंबायचा, हा उस्तादांनी शिकवलेला पहिला धडा. कपडा मी कोंबला होता. पण मध्ये एकदा ऑइलचं भोक बघायला काढला होता. लॉक उडालं तेव्हा तो आत होता की बाहेर, ते काही केल्या आठवेना.

बरं, लॉक गॅरेजमध्येच कुठंतरी पडलं असेल म्हणावं तर तीही सोय मीच ठेवली नव्हती. कंपनीत शिफ्ट संपली की जागा चकाचक करून जायची, ही अठरा वर्षांची सवय. शुक्रवारी संध्याकाळी मी सगळं गॅरेज झाडून काढलं होतं. उस्ताद हसायचे, पण मला त्या झाडलेल्या फरशीचा अभिमान होता. कचरा शनिवारी सकाळी घंटागाडीत गेला. लॉक फरशीवर पडलं असेल तर ते कचऱ्यात गेलं होतं, आणि कचऱ्यात गेलं नसेल तर ते इंजिनात होतं. कोणतं खरं, हे सांगणारी एकमेव गोष्ट म्हणजे ती फरशी, आणि ती मी स्वतःच्या हाताने पुसून टाकली होती.

मी जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून सगळीकडे फिरवलं. एक नट आणि दोन वॉशर मिळाले. मग इंजिनाचा खालचा बोल्ट काढून नवं ऑइल परातीत काढलं, तेही चुंबकाने ढवळलं. काही नाही. पण त्याने काय सिद्ध होणार? आत शंभर कोपरे. एवढीशी कडी कुठंही अडकून बसेल. पुढे कधीतरी सुटून गिअरच्या दातात किंवा बेअरिंगमध्ये जाईल आणि इंजिन चालत्या गाडीत जाम होईल. इंजिन जाम झालं की मागचं चाक जागच्या जागी थांबतं. गाडी सत्तरच्या स्पीडला असली तर चालवणाऱ्याचं काय होतं ते मी सांगायला नको.

मी ऑइल परत भरलं. खरं सांगतो, गप्प बसायचा विचार मनात आला. एकदा नाही, चांगला दहा वेळा आला. सात महिन्यांत मिळालेलं पहिलं इंजिन. ही नोकरी गेली तर या वयात तिसरीकडे कुठं जाणार? असेल कचऱ्यात, असं मी स्वतःला सांगत होतो. उस्ताद लासूर स्टेशनला एक जुनी गाडी बघायला गेले होते. ते आले की एकांतात सांगू, असं शेवटी ठरवलं.

दोन वाजता उस्ताद आले, आणि त्यांच्या मागोमाग एका जीपमधून गिऱ्हाईकही उतरलं. रविवारचं ठरलेलं असताना विठ्ठलराव एक दिवस आधीच आले होते, सोबत त्यांचे वडील. विठ्ठलराव इथंच शहरात नोकरीला. वडील, म्हणजे आबा, पैठणजवळच्या गावात राहतात. वय पंच्याहत्तरच्या पुढे, डोक्याला फेटा, अंगाने काटक. मूळचं मेंढपाळाचं घर. त्यांच्या वस्तीवरची पहिली मोटारसायकल ही. लोकरीचे गठ्ठे आणि मेंढ्यांची औषधं त्यांनी तिच्यावरून वाहिली होती. दहा वर्षं बंद पडलेली गाडी त्यांना स्वतः चालवत गावात न्यायची होती. विठ्ठलरावांनी समजावून पाहिलं होतं, पण आबा ऐकणाऱ्यातले नव्हते.

मला एकांत मिळालाच नाही. उस्ताद विठ्ठलरावांना खुर्ची देत होते, तोवर आबा गाडीकडे गेले. टाकीवरून हात फिरवला, धोतर आवरलं आणि सीटवर बसले. पाय किकवर ठेवला.

"आबा, थांबा. किक मारू नका."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग मी सांगितलं. लॉक, फोन, कपडा, झाडू, सगळं. बोलताना उस्तादांकडे बघायची हिंमत होत नव्हती.

उस्तादांनी एकच विचारलं, "लॉक उडा तब कपडा लगा था?"

"आठवत नाही, उस्ताद."

"याद नै बोले तो नै लगा था. खोलो."

विठ्ठलराव भडकले. त्यांचंही बरोबर होतं. कालच परवा नक्की म्हणालात, जीप करून म्हाताऱ्या माणसाला आणलं, आणि आता सगळं उचकटणार? उस्ताद मान खाली घालून ऐकत होते. माझ्यामुळे त्यांना ऐकून घ्यावं लागत होतं, याची मला फार लाज वाटली.

आबा मात्र सीटवरून उतरले आणि मुलाला म्हणाले, "आरं, आमी सकाळच्याला जाळीच्या वाघरीतून मेंढरं सोडताना मोजायचो. मधीच कुणी हाक मारली का आकडा इसरायचा. मग समदी परत आत कोंडायची आन् पहिल्यापून मोजायची. त्यात कसला राग? ह्यो मानूस इसरलो म्हनतोय, ते लई झालं." मग मला म्हणाले, "खोल बाबा. म्या बसतो हितं."

आणि ते बसले, चार फुटांवर, स्टुलावर.

उस्तादांनी पान्याला हात लावला नाही. मी बंद केलं होतं, मीच उघडायचं होतं. ऑइल पुन्हा काढलं, टाकी काढली, हेड काढलं. बॅरल उचलताना त्याच्या बुडाचं कागदी पॅकिंग फाटलं. ते मी सकाळी तासभर बसून हाताने कापलेलं होतं. इंजिनाच्या उघड्या तोंडात टॉर्च मारली, चुंबक तारेला बांधून आत सोडलं, मग डिझेल ओतून आतली सगळी जागा दोनदा धुतली. खाली फडक्यातून गाळून घेतलं.

लॉक इंजिनात नव्हतं.

सुटलो असं वाटलं, आणि त्याच क्षणी फुकट तमाशा केला असंही वाटलं. विठ्ठलराव घड्याळ बघत होते. उस्ताद पिस्टनवर वाकले होते. त्यांनी पिस्टन हळूच वळवून त्याची डावी बाजू माझ्याकडे केली, टॉर्च धरली आणि बारीक स्क्रूड्रायव्हरने पिनेचं लॉक दाबलं. ते टणकन सुटून त्यांच्या तळहातात पडलं. एक टोक खाचेत होतं, दुसरं खाचेच्या बाहेर, काठावर. फोन ठेवल्यावर मी घाईने बसवलेलं तिसरं लॉक ते हेच.

मी कुठं चुकलो ते शोधत होतो आणि चूक भलतीकडेच होती. ते लॉक किती टिकलं असतं, असं मी नंतर उस्तादांना विचारलं. ते म्हणाले, पैठणपर्यंत गेलं असतं की नाही, शंका आहे. लॉक सुटलं की पिन बाहेर सरकते आणि बॅरल फाडत जाते. उडालेलं लॉक आजपर्यंत मिळालेलं नाही.

सोमवारी तीन नवी लॉक आणली. दोन बसवली, उस्तादांना दाखवली, तिसरं पाकिटात ठेवून पाकीट भिंतीला चिकटवलं. मंगळवारी आबांनी स्वतः किक मारली. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. ते लगेच निघाले. मागे विठ्ठलरावांची जीप होती, तरी मी माझी गाडी काढली आणि त्यांच्या मागे लागलो. सगळा जीव कानात आणून इंजिनाचा आवाज ऐकत होतो. चितेगावला आबांनी गाडी बाजूला घेतली आणि मला हात केला.

"आता जा की माघारी. कुठवर येतूस?"

मी हो म्हणालो, आणि तरी बिडकीनपर्यंत गेलो. अठरा वर्षं ओकेचे शिक्के मारले, पण मी पास केलेल्या पार्टवर कोण बसतं, ते त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.