निळ्या शाईचा तळहात

इस्पितळाच्या तळघरात रेकॉर्ड सांभाळणाऱ्या त्या कारकुनाला सगळे नाकमुरडे म्हणत. समोर चहा आला की ‘याला चहा म्हणतात?’ आणि नवा डॉक्टर आला की ‘याला डॉक्टर म्हणतात?’ जगातली कुठलीही गोष्ट नाक मुरडल्याशिवाय त्याच्या गळ्याखाली उतरत नसे. लग्नासाठी सात मुली पाहिल्या आणि सातही वेळा नाक मुरडलं. आठवीने त्याच्याकडे पाहून मुरडलं, तेव्हा तो विषय संपला. आता तो विधवा ताई आणि पंधरा वर्षांच्या भाचीबरोबर तीन खोल्यांत राहत होता आणि निवृत्तीला चौदा महिने उरले होते.

तरुणपणी त्याने एक गंभीर कादंबरी लिहिली होती. इतकी गंभीर की ती कोणी वाचलीच नाही. तिच्या प्रती पलंगाखाली होत्या आणि ताई केर काढताना त्यांना दर आठवड्याला केरसुणीने आत ढकलायची. ती कादंबरी छापणाऱ्या प्रकाशकबाईंनी चार वर्षांपूर्वी त्याला बोलावलं आणि म्हणाल्या, “हल्ली पोरींना भुताची प्रेमकथा हवी असते. लिहाल का?” तो म्हणाला, “असलं मी डाव्या हाताने लिहीन.” बाई म्हणाल्या, “कुठल्याही हाताने लिहा, पण जूनपर्यंत द्या.”

आणि त्याने लिहिलं. एका कोवळ्या मुलीचं टोपणनाव घेतलं आणि धडाधड लिहीत सुटला. कृती सोपी होती. एक देखणा मेलेला मुलगा घ्यायचा, एक जिवंत रडकी मुलगी घ्यायची, दोघांना एका खिडकीच्या दोन बाजूंना उभं करायचं. वय दोघांचंही सतरा. मुलाला मरून शंभर वर्षं झाली असली तरी सतराच. शंभर वर्षांत तो काही म्हणजे काही शिकलेला नसतो, धुक्यात उभं राहणं एवढंच त्याला जमतं. तिसऱ्या भागात तो ‘मुक्त’ होतो आणि पोरी उशा भिजवतात. नाकमुरडेचं आपल्या वाचकांबद्दलचं मत असं होतं, आणि ते तो कोणालाही सांगू शकत नव्हता, हे त्याचं सर्वांत मोठं दुःख.

भाची त्या पुस्तकांवर जीव टाकायची. जेवताना एक हात ताटात आणि एक पुस्तकात. नाकमुरडे तिच्यावर खेकसायचा, “डोकं सडेल असलं वाचून!” आणि हात धुऊन खोलीचं दार लावून पुढचं प्रकरण लिहायला बसायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ताईला वाटायचं, भाऊ बिचारा ऑफिसचं काम घरी आणतो.

ऑफिसचं काम तो खरोखरच घरी आणत होता. झालं असं की पहिलं हस्तलिखित वाचून प्रकाशकबाई म्हणाल्या, “तुमचं भूत डोळ्यांसमोर उभं राहत नाही. सगळी भुतं एका साच्यातली.” नाकमुरडेला ते झोंबलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात एक जुनी फाईल जागेवर ठेवताना त्याची नजर शवविच्छेदनाच्या अर्जावर पडली. त्यात एक रकाना असतो, शरीरावरील खुणा. कोणाच्या भुवईवर टाक्यांचा व्रण, कोणाच्या कानामागे तीळ. डॉक्टरांनी दोन ओळींत आख्खा माणूस उभा केलेला. तीस वर्षं हे साहित्य पाठीमागे रचलेलं होतं आणि हा गाढव त्याला कसर लागू नये म्हणून नुसता कापूर ठेवत बसला होता! त्या दिवसापासून त्याच्या भुतांना अंग आलं.

सर्वांत गाजला तो तळ्यात बुडालेला मुलगा. त्याच्या उजव्या करंगळीला नख नव्हतं, डाव्या कानाची पाळी फाटलेली होती, आणि डाव्या तळहातावर निळ्या पेनाने काहीतरी लिहिलेलं होतं. डॉक्टरांनी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं: ‘आईची चप्पल. सहाच्या आत.’ नाकमुरडे ते वाचून हसला होता. भुताच्या हातावर चप्पल! पोरी पुस्तक फेकून मारतील. म्हणून त्याने शब्द गाळले आणि शाई ठेवली. पुस्तकातल्या भुताच्या तळहातावर निळी अक्षरं होती, ती कधी धुतली जात नव्हती आणि नायिकेला कधी वाचता येत नव्हती. दोन भाग झाले तरी येत नव्हती. तिसऱ्या भागात तिथे नायिकेचं नाव निघणार, असं प्रकाशकबाईंशी ठरलं होतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. रेकॉर्डमधल्या प्रत्येक फाईलच्या आत एक चिठ्ठी डकवलेली असते. फाईल कोणी काढली, कधी, कशासाठी, आणि खाली सही. हा नियम नाकमुरडेनेच आणला होता. सही न करता फाईल नेणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनाही त्याने जिन्यावरून परत बोलावलं होतं. त्यामुळे भुतासाठी खुणा चोरताना तो काय करायचा? चिठ्ठी भरायचा. तारीख, सही, आणि कारण म्हणून ‘कार्यालयीन काम’. चोरी करून चोरीची नोंद ठेवणारा हा एकमेव चोर असेल.

तर एका सोमवारी अकरा वाजता एक बाई तळघराच्या खिडकीशी आली. पन्नाशीची, गळ्यात शिवणाची टेप तशीच राहिलेली. तिने पिशवीतून दोन पुस्तकं काढून खिडकीच्या फळीवर ठेवली. भाग एक, भाग दोन. दोन्ही नाकमुरडेचीच.

“साहेब, माझा मुलगा सात वर्षांपूर्वी इथे आणला होता,” ती म्हणाली. “तळ्यात गेला. हे धाकटीचं पुस्तक आहे. तिने दाखवलं. यातल्या मुलाला माझ्या मुलाच्या खुणा आहेत. नख, कान, सगळं. तो हातावर लिहायचाही. पण त्या दिवशी लिहिलं होतं का, मला माहीत नाही. मला फक्त तोंड दाखवलं, बाकी गुंडाळलेलं होतं. त्याचा कागद बघायचाय.”

“योगायोग असेल. ही असली पुस्तकं...” नाक आपोआप वर गेलं, “काहीही लिहितात.”

“असेल. पण कागद बघते.”

कागद त्याच्या पाठीमागे तिसऱ्या मांडणीत, हात लांब केला तर लागेल इतका जवळ होता. तो म्हणाला, “सात वर्षांपूर्वीचं सगळं गोदामात गेलंय. आठ दिवस लागतील.”

“बसते,” बाई म्हणाली.

“आठ दिवस?”

“तुरपाईचं काम आणीन बरोबर.”

आणि खरोखर ती रोज येऊन समोरच्या बाकावर बसू लागली. कोणाच्या तरी झग्याचा घेर मांडीवर घेऊन तुरपाई करायची. हात दुखला की पुस्तक उघडायची. पुस्तकात जागोजागी कापडाच्या रंगीत पट्ट्या खुणेला घातल्या होत्या. ती पट्टी काढायची, ओळीखाली बोट धरून वाचायची, पट्टी परत ठेवायची आणि पुढच्या पट्टीवर जायची. मधली पानं तिने सोडूनच दिली होती. नाकमुरडे फायलींच्या आडून बघत होता. ज्या पानांसाठी तो घाम गाळायचा, ते धुकं, ते उसासे, त्यावर तिने ढुंकून पाहिलं नाही. ती फक्त हात वाचत होती.

तिसऱ्या दिवशी त्याच्याने राहवलं नाही. “एवढं काय आहे त्या हातात?” त्याने विचारलं.

तिने सुई कापडात खोचली. “त्या दिवशी आमचं वाजलं होतं. मी त्याला म्हणाले, तोंड दाखवू नकोस मला. तो गेला तो गेलाच. कागदावर अपघात लिहिलंय, पण लोकांचं तोंड कोण धरणार? सगळे म्हणतात, आईच्या बोलण्याने जीव दिला पोराने. त्याने हातावर काही लिहून ठेवलं असेल, तर ते माझ्यासाठीच असणार ना? काय असेल ते असो. शिवी असली तरी चालेल. मला वाचू दे.”

नाकमुरडेला ते शब्द तोंडपाठ होते. चार शब्द. खिडकीतून नुसते म्हटले असते तर त्या बाईची सात वर्षं तिथल्या तिथे उतरली असती. पण म्हटले तर ‘तुम्हाला कसं माहीत?’ आलं, फाईल काढली तर चिठ्ठी आली, चिठ्ठी आली की चौकशी, आणि चौदा महिन्यांवर आलेली निवृत्ती गेली बोंबलत. म्हणून हा शूर पुरुष म्हणाला, “गोदामातून अजून उत्तर नाही.” आणि डबा उघडून जेवला.

त्या संध्याकाळी भाची घरी पुस्तकच घेऊन बसली होती. त्याने उगाचच विचारलं, “काय गं, त्या हातावर काय निघणार शेवटी?”

“मामा! तुम्ही वाचलंत?”

“तू मोठ्याने वाचतेस, कानावर पडतं.”

“आमच्या वर्गातल्या सगळ्या म्हणतात, तिचं नाव असणार. मला नाही पटत.” तिने स्वतःचा तळहात पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, ‘वही परत’. “हातावर आपण विसरायच्या गोष्टी लिहितो ना? आवडत्या माणसाचं नाव कोण विसरतं? काहीतरी साधंच असणार. त्या लेखिकेला कळलं म्हणजे मिळवलं. ती जरा बावळट आहे.”

मामांनी नाक मुरडायला घेतलं, पण ते अर्ध्यावरच राहिलं.

दुसऱ्या दिवशी तो अर्धा तास लवकर गेला. फाईल काढली, उघडली. चिठ्ठीवर दोनच नोंदी, दोन्ही त्याच्या. डिंक वाळला होता. नखाने जरा उचललं की चिठ्ठी अलगद निघाली असती आणि कोणाला पत्ता लागला नसता. त्याने नख लावलंही. पण तीस वर्षांत त्याने फाईलमधला एक कपटा फाडला नव्हता, आणि बोट पुढे जाईना. याला कोणी सचोटी म्हणू नये. खोडच ती. पण कधी कधी माणसाकडे खोडीपलीकडे चांगलं काही नसतं, आणि नाकमुरडेकडे तर नव्हतंच.

बाई आली तेव्हा त्याने फाईल खिडकीतून पुढे सरकवली. “आली गोदामातून,” तो म्हणाला. शेवटचं खोटं.

तिने आधी चिठ्ठी वाचली. शिवणाऱ्या बाईची नजर, टाका सुटत नाही. मग टेबलावरच्या पाटीवरचं नाव वाचलं. मग पुस्तक उघडून ते छापल्याची तारीख पाहिली; चिठ्ठीवरच्या नोंदी त्याच्या जरा आधीच्याच होत्या. फाईल घेऊन ती बाकावर बसली. तिने पान उलटलं आणि खुणांचा रकाना शोधून त्याखाली बोट धरलं.

बराच वेळ बोट हललं नाही.

“चप्पल,” ती म्हणाली. “माझी चप्पल तुटली होती. तीन दिवस सांगत होते, दुरुस्तीला दिलीय ती आण. विसरायचा. त्यावरूनच बोलले मी त्याला.” तिने बोट त्याच ओळीवर ठेवलं. “आणायलाच निघाला होता. तळ्याच्या बांधावरून जवळची वाट आहे, तिकडून गेला असेल. दुकान सहाला बंद होतं.” तिने पदराने डोळे पुसले आणि पुन्हा ओळ वाचली. “मी नंतर गेलेच नाही त्या दुकानात. अजून तिथेच असेल ती.”

नाकमुरडे उभाच होता. आयुष्यात प्रथमच त्याला काहीतरी न हिणवता ऐकावं लागत होतं आणि त्याचे हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

ती बाकावरून उठून खिडकीशी आली. “तिसऱ्या भागात काय लिहिणार होतात?”

“नायिकेचं नाव.”

“शी!” बाई म्हणाली. असं नाक त्यालाही कधी मुरडता आलं नसतं. “सायकलपलीकडे काही कळत नव्हतं त्याला. पोरगी कसली! त्याचं अंग चोरलंत, आणि होतं ते एवढं चांगलं वाक्य टाकून दिलंत? तक्रार मी करणार, साहेब. वरपर्यंत करणार. पण आधी तो भाग पुरा करा. तुम्हाला घरी बसवलं आणि दुसऱ्या कोणी वेडंवाकडं लिहिलं तर?”

त्याने उजव्या हाताने लिहिलं. प्रकाशकबाई कडाडल्या, “चप्पल? दोन भाग वाट बघायला लावून चप्पल?” तो म्हणाला, “हेच छापा, नाहीतर परत द्या.” बाईंना पुस्तक हवं होतं, त्यांनी कपाळाला हात लावून छापलं. घरी भाचीने शेवटचं पान वाचलं, पुस्तक मिटलं, आणि उठून आईला भांडी घासू लागायला गेली.

पहिली प्रत त्याने तळघराच्या खिडकीतूनच त्या बाईला दिली. तिच्या पायांकडे बघायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, पण बघितलं. चपला जुन्या होत्या, अंगठा नव्याने शिवलेला होता. तिने तिथेच उभं राहून ते पान काढलं, बोट धरून वाचलं आणि निळ्या कापडाची पट्टी आत ठेवली. मग पिशवीतून घडी घातलेला कागद काढून फळीवर ठेवला. तक्रार होती, स्वच्छ अक्षरात, तारखा-बिरखांसकट. इस्पितळात आलेला कुठलाही कागद आधी तळघरात नोंदवायचा, हाही नियम नाकमुरडेचाच.

त्याने ती वाचली. एका शब्दालाही नाव ठेवण्यासारखं नव्हतं. त्याने शिक्का मारला, क्रमांक घातला, पोच लिहून दिली. बाई गेल्यावर त्याने मुलाची फाईल काढली, तक्रारीची प्रत आत लावली आणि चिठ्ठी भरायला घेतली. वर दोनदा त्याच्याच अक्षरात ‘कार्यालयीन काम’ लिहिलेलं होतं. त्याखाली त्याने तारीख घातली, सही केली, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘आईची तक्रार’.