चार वाजताचा डाव

आम्ही चौघे नाशिकला, अंबडच्या एकाच कंपनीत, टूलरूमला होतो. रविवारी जेवणं उरकली की त्यातल्या एकाच्या घरी जमायचो आणि पोकर खेळायचो. त्याचं घर सिडकोत, माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. हा खेळ आम्हाला शिकवला तो चौथ्याने. काही वर्षं मस्कतला नोकरी करून आला होता. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मध्ये पाच उघडे. हातात काही नसलं तरी आहे असं दाखवायचं, आणि समोरचा दाखवतोय ते खरं की खोटं ते ओळखायचं. आम्ही पैसे कधी लावले नाहीत. भंगारात गेलेले वॉशर डब्यात भरून ठेवले होते, तेच पुढे सरकवायचो.

ज्याच्या घरी खेळायचो त्याला खोटं अजिबात जमायचं नाही. हातात काही नसलं की तो कंपनीतल्या गप्पा काढायचा. ग्राइंडरचा पट्टा कसा तुटला, सुपरवायझर काय म्हणाला. आम्ही तिघे एकमेकांकडे बघून हसायचो. त्यालाही कळायचं, तरी पुढच्या डावात पुन्हा तेच. वहिनी चहा घेऊन यायच्या, कप ठेवायच्या आणि ट्रे हातात धरून थोडा वेळ त्याच्या पाठीमागे उभ्या राहायच्या.

निवृत्तीनंतर हे सगळं दोन-तीन वर्षांत संपलं. मस्कतवाला हार्ट अटॅकने गेला. दुसऱ्याला मुलाने पुण्याला नेलं. माझी बायको त्याआधीच गेली होती, आणि मुलगी बंगळुरूला. मग ज्याच्या घरी खेळायचो त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्याला चढवणं-उतरवणं होईना, म्हणून वहिनी त्याला घेऊन निफाडजवळ त्यांच्या गावी राहायला गेल्या. तिथे भावाची द्राक्षबाग आहे, घर तळमजल्यावर आहे.

मोबाईलवर पोकर खेळता येतं हे मला मुलीने दाखवलं. आधी मी अनोळखी लोकांशी खेळून पाहिलं. गोल चित्रं, विचित्र नावं, प्रत्येकाला ठरावीक सेकंद. कुणी जिंकलं की उठून जायचं, त्याच्या जागी लगेच दुसरं चित्र यायचं. कुणी खोकत नव्हतं, कुणी पत्ते पिसताना सांडत नव्हतं. दोन दिवसांत कंटाळलो. मग मुलगी म्हणाली, "बाबा, काकांनाच बोलवा ना. दोघांचं वेगळं टेबल करता येतं."

मी वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, "डावा हात चांगला चालतो त्यांचा. मी पुतण्याला सांगून तो खेळ मोबाईलवर घेते. चार वाजता चालेल?"

तेव्हापासून आम्ही रोज चार वाजता खेळू लागलो. त्याच्या जागी पोपटाचं चित्र होतं. पहिले काही दिवस तो रेंगाळत, चुकत खेळला. पुढे मात्र असा सुधारला की मला हरवायला लागला. माझ्याकडे काही नसताना मी जोरात लावलं तर नेमकं पकडायचा. माझ्याकडे खरंच चांगले पत्ते असले की गुपचूप पत्ते टाकून डाव सोडायचा. मी मुलीला फोनवर सांगितलं, "तुझे काका लय हुशार झालेत. बोलायचं नाही म्हटल्यावर त्याचं खोटं मला ओळखताच येत नाही."

मधूनमधून फोन करायचो. वहिनी उचलायच्या. "आत्ताच डोळा लागलाय, भाऊजी." मी म्हणायचो, "असू द्या, चारला भेटतोच आहे. दिवसभर मी त्याचीच वाट बघतो." निफाड काही लांब नाही, एसटीने तासाभरात पोहोचता येतं. पण वर्ष होत आलं तरी मी गेलो नाही. रोज भेटतोय असंच वाटायचं. आणि खरं सांगायचं तर त्याचं वाकडं झालेलं तोंड बघायची मला भीती वाटत होती. मोबाईलवर ते न बघण्याची सोय होती.

मग एका सोमवारी पोपट आला नाही. मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. फोन बंद लागत होता. गुरुवारी सकाळी मी पत्त्यांचा जोड पिशवीत टाकला आणि एसटीत बसलो.

तो ओट्यावर खुर्चीत बसला होता, गुडघ्यांवर चादर. चांगला दिसत होता, नुकती दाढी केलेली. मी समोर उभा राहिलो. त्याने माझ्याकडे बघितलं, मान हलवली, आणि परत बागेकडे बघायला लागला. आतून वहिनी आल्या. त्यांच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता.

"अहो, तुम्ही? कळवायचं तरी."

"फोन बंद आहे. तीन दिवस डाव नाही. मी घाबरलो."

"माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं सोमवारी. आठ दिवस मोबाईल बघायचा नाही म्हणालेत डॉक्टर. बंद करून कपाटात टाकलाय."

मी म्हणालो, "तुम्ही नका बघू. पण त्याला द्यायचा ना."

त्यांनी पदराने चष्म्याखालचं पाणी टिपलं. ऑपरेशनचं होतं की दुसरं, कळलं नाही. मी त्याच्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"पहिले आठ दिवस तेच खेळले," त्या म्हणाल्या. "मग बदाम आणि चौकटमध्ये गोंधळ व्हायला लागला. मग पत्तेच ओळखेनात. मी तुम्हाला सांगणार होते. तुम्ही फोनवर म्हणालात, दिवसभर याचीच वाट बघतो. मग सांगवेना."

"म्हणजे वर्षभर तुम्ही?"

"हो."

"पण तुम्हाला येतं कुठे?"

"इतकी वर्षं मागे उभी राहून बघितलंय, भाऊजी. तुमच्याकडे चांगले पत्ते असले की तुम्ही उगीच उशीर लावता. घरी खेळताना लावायचात, मोबाईलवरही लावता."

मला राग यायला हवा होता. आला नाही. लाज वाटली. इतक्या वर्षांत आम्हा चौघांपैकी एकानेही त्यांना बसा म्हटलं नव्हतं.

"तुम्हाला त्रास झाला असेल रोजचा," मी म्हणालो.

"त्रास कसला. इथे सगळे बागेत जातात. हे बोलत नाहीत. चार वाजले की कुणीतरी समोर आहे असं वाटायचं."

मी पत्ते काढले. वहिनींनी जाडसर कपडा स्टुलावर अंथरला. वहिनींना आणि मला दोन-दोन पत्ते वाटले, आणि त्याच्या डाव्या हातातही मी दोन दिले. त्याने ते नीट धरले, अंगठ्याने कडा सारख्या केल्या, पण त्यांच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघत राहिला, बराच वेळ. आपल्या चेहऱ्याकडे कुणी इतकं टक लावून बघितल्याला किती दिवस झाले, ते मला आठवेना. मी काय दाखवतोय, खरं की खोटं, हे त्याला काही ओळखायचं नव्हतं. नुसता बघत होता. मला ते सहन होईना म्हणून मी मधले पत्ते उघडायला घेतले. तो डाव वहिनी जिंकल्या.

त्यांचा डोळा बरा झाल्यावर आम्ही पुन्हा मोबाईलवर खेळून पाहिलं. दोघेही अवघडलो. मी जिंकावं म्हणून त्या मुद्दाम हरताहेत असं मला वाटे, आणि त्यांनाही माझ्याबद्दल तसंच वाटत असावं. चार-पाच दिवसांनी त्याच म्हणाल्या, "राहू द्या आता. त्यापेक्षा या तुम्ही अधूनमधून."

मी एक रविवार सोडून जातो. त्याच्या हातात आता पत्ते टिकत नाहीत. त्याची खुर्ची मध्ये घेऊन आम्ही दोघे तीन-चार डाव खेळतो, फारसं न बोलता, आणि संध्याकाळच्या एसटीने मी परत येतो. मधले तेरा दिवस मोठे जातात. पुण्याच्या मित्राला मी हे सगळं फोनवर सांगितलं. त्याने विचारलं, "मला ओळखेल का रे तो?" मी म्हणालो, "नाही ओळखणार. पण ये."

तो अजून आलेला नाही.