पहिला आकडा

माझ्या मुलानं मला फसवलं. पैशात नाही, जमिनीतही नाही. सौद्यात फसवलं, आणि सौदा कसा करायचा हे मीच त्याला शिकवलं होतं.

मी बैलबाजारातला दलाल. आमच्यात खरा भाव तोंडानं सांगत नाहीत. रुमालाखाली हात घालायचा आणि समोरच्याची बोटं दाबायची. एक बोट एक, पंजा पाच. वर जे मोठ्यानं चालतं ते नुसतं नाटक असतं. पोरगा शाळेत होता तेव्हाच त्याचा हात मी रुमालाखाली घेतला आणि सांगितलं, घेणारा पहिला आकडा कमीच सांगतो, त्यावर कधी जायचं नाही.

यंदा परभणीला माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. फॉर्मवर नातेवाइकाची सही हवी होती. मानवतहून मला आणणाऱ्या जीपवाल्यानं ती केली आणि परतीचं सीट भरायला निघून गेला. वॉर्डात प्रत्येक खाटेखाली कुणाची तरी सतरंजी होती. माझ्या खाटेखाली माझ्याच चपला.

दुपारी सिस्टर आली. "काका, दहापैकी किती दुखतंय?"

मला आराम हवा होता, म्हणजे मी घेणारा. सवयीनं तोंडातून गेलं, "तीन."

तिनं ते लिहून घेतलं, गोळी दिली आणि कापसाच्या बोळ्यावर लव्हेंडरच्या तेलाचे दोन थेंब टाकून बोळा उशीला पिनेनं लावला. शेजारचा आठ म्हणाला होता. त्याला इंजेक्शन मिळालं. माझं डोकंच फिरलं.

"त्याला सुई अन् मला अत्तराचा फाया? मला काय वरातीला न्यायलाय का?"

"गोळी दिली की, काका. हे तिच्या जोडीला, झोप लागावी म्हणून. अन् तीन तुमीच म्हणले."

"म्हणलो असंल! म्हणून लगेच धरायचं का?"

ओरडल्यानं टाक्यांत अशी कळ गेली की खाटेची कड धरावी लागली. तिनं ते पाहिलं. "सोबत कोन हाय तुमच्या?"

"कुनी न्हाई."

"काम काय करता?"

"बैलाची दलाली."

ती हसली. "मग बरोबर हाय. माझा बाप बोरी गावचा. लय बैलं विकले त्यानं." तिनं चादरीचा कोपरा माझ्या हातावर टाकला आणि आत हात घातला. "आता बोला. खरं बोला."

मी पंजा दाबला. मग तीन बोटं. आकडा सांगून झाला तरी हात सोडवेना. तिनंही घाई केली नाही.

डॉक्टरांना विचारून तिनं इंजेक्शन आणलं. कळ ओसरली तेव्हा कुठं उशीचा तो वास नाकाला लागला, सुकलेल्या फुलांचा, जरा कडवट. मी संध्याकाळपर्यंत झोपलो. त्यात सुईचा वाटा किती आणि फायाचा किती, यावर मी घासाघीस करणार नाही.

जागा झालो तो फोनवर मुलगा, पुण्याहून. "बाबा, कसंय?"

"बरं हाय. किरकोळ दुखतंय. तू नको येऊ, कामं असतील."

"नक्की?"

"नक्की."

"बरं मग, आराम करा."

एका फेरीत सौदा मिटवला त्यानं. बैल घेताना अर्धा दिवस रुमाल सोडत नाहीत माणसं.

आता घरी आलोय. टाके निघाले. तो बोळा मी खिशात घालून आणला होता. रोज उशीला लावतो, पण वास केव्हाच उडून गेला. भाकरी शेजारून येते.

जिची माझी ओळखसुद्धा नव्हती, तिनं चादर टाकून खरा आकडा काढून घेतला. आणि ज्याची बोटं मी माझ्या हातानं दाबून शिकवली, त्याला 'नको येऊ' हा पहिला आकडा आहे हे कळू नये? की कळलं होतं, आणि सोयीचा होता म्हणून त्यानं तो तसाच उचलला? फोनवर नको. त्यानं इथं यावं, माझ्यासमोर बसावं, रुमालाखाली हात द्यावा आणि याचं उत्तर द्यावं.