विना पावती लाकूड

खालापूरला कचेरीबाहेर टेबल मांडून मी गेली अनेक वर्षे लोकांचे अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंतचे, तथापि माझा मसुदा वाचून वकील मंडळींनीही मान डोलावल्याचे प्रसंग आहेत. ही प्रौढी नव्हे. पुढील हकिगतीसाठी ते सांगणे भाग आहे.

आमच्या गावाच्या वेशीवर लाकूड कापायची वखार होती. गावाचा दिवस तिच्या करवतीवर चाले. सकाळी करवतीचा पट्टा घरघरू लागला की बायका डबे भरीत. तो थांबला की जेवणाची वेळ. शेतातला आंबा पडो, घराला वासे लागोत, वाट तिकडचीच. भुसा शेगडीला आणि कोंबड्यांच्या खुराड्यात जाई. मालक कोकणी मुसलमान. सारा गाव त्यांना चाचा म्हणे. करवतीवर आमच्याच आळीतला एक म्हातारा मिस्त्री होता.

गावात मयत झाली की चाचा पट्टा बंद करीत आणि मिस्त्री टेंपोत लाकडे भरून स्मशानात पोचती करी. मागायला कोणास जावे लागले नाही.

वखारीच्या परवान्याची मुदत संपत आली तेव्हा दोघेही माझ्या टेबलाशी आले.

"मुन्शी, दोन ओळी लिहा. मुदत वाढवून द्या, बस्स."

"दोन ओळींत मुन्शीला खोकता पन येत नाय, चाचा," मिस्त्री म्हणाला.

मी तिकडे दुर्लक्ष करून सुचविले की मयताच्या लाकडांचा उल्लेख केल्यास वनखात्याच्या साहेबांवर छाप पडेल. चाचांनी हात वर केला.

"ते नको. दिलेल्याचं बोलू नये."

मी होकार दिला. परंतु पक्की प्रत करताना लेखणी आवरली नाही. 'सदर वखारीतून पंचक्रोशीतील मयतांकरिता, जातिधर्म न पाहता, विना मोबदला व विना पावती लाकूड पुरविले जाते.' वाक्य असे उतरले की मी ते दोनदा वाचले. चाचांना मराठी वाचता येत नसे. त्यांनी विश्वासाने सही केली.

उत्तर आले. अर्ज नामंजूर. कारणात माझेच वाक्य जसेच्या तसे घेतले होते: अर्जदार स्वतः कबूल करतो की नोंद न ठेवता लाकूड बाहेर जाते.

चाचांनी तो कागद माझ्यापुढे ठेवला. मी वाचून दाखविला. ते वाक्य मात्र गाळले. शेवटी लिहिले होते की तीस दिवसांत वरच्या कार्यालयात दाद मागता येईल. तेही गाळले. दाद मागायची तर ते वाक्य कोणी घातले, हे सांगावे लागले असते.

"पुढं काही करता येईल?" चाचांनी विचारले.

"उपयोग नाही," मी म्हणालो.

त्यांनी माझ्यासाठी चहा मागविला. म्हणाले, "तुम्ही कसूर केली नाही, मुन्शी."

तीस दिवस मी रोज टेबलाशी बसलो. एकदा उठून त्यांच्या दारापर्यंतही गेलो आणि परत आलो. मग वखारीला कुलूप लागले. मिस्त्री कळंबकडे एका रिसॉर्टच्या फाटकावर राखणदार झाला. गावातल्या भिंतीवरच्या घड्याळांना तेव्हापासून महत्त्व आले.

गतवर्षी माझी आई गेली. कर्जतहून लाकडे यायची वाट पाहत आम्ही स्मशानात ताटकळत होतो. तेवढ्यात ओळखीचा टेंपो आला. मिस्त्री उतरला. मागे सागाचे वासे होते, खिळ्यांच्या भोकांसकट. वखारीचे छप्पर मी लहानपणापासून पाहिलेले. ओळखायला वेळ लागला नाही.

"चाचांनी उतरवून दिलं," मिस्त्री म्हणाला. मग माझ्या जवळ येऊन हळू आवाजात, "आनि सांगितलंय, मुन्शीला म्हनावं, ह्ये कुठं लिवू नको."

मी मान खाली घातली. वासे जुने आणि कोरडे होते. लगेच पेटले.